समुद्राने नेलेली वाळू परत आणून टाकणे: डच किनारा, पुदुच्चेरी आणि आपलं कोकण

उत्तरेचा_वारा

कोकणात उधाणाने किनारा खाल्ला की पहिली मागणी येते ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. आमदार येतात, पाहणी होते, काळे दगड येतात. दगड टिकला तर पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळूची पट्टी, जाते, आणि दगडही खचला तर दोन्ही जातात. वाळू गेली आहे तर वाळूच आणून टाका, अशी मागणी मी आपल्याकडे फारशी ऐकलेली नाही. मी राहतो तिथे ते काम माझ्या डोळ्यांसमोर चालतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नेदरलँड्समध्ये हेग शहराच्या दक्षिणेला, टेर हेइडे गावाजवळ, २०११ साली 'झांडमोटर' नावाचं काम झालं. झांड म्हणजे वाळू. समुद्रातून २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू उपसून किनाऱ्याला लावली. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे ७६ लाख ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). हुकासारखं वळलेलं एक टोक तयार झालं, समुद्रात सुमारे एक किलोमीटर घुसलेलं, क्षेत्र १२८ हेक्टर. खर्च सुमारे ७ कोटी युरो.

ती वाळू तिथेच राहावी असा हेतूच नव्हता. एका जागी भरपूर वाळू टाकायची आणि पुढची वीस वर्षं वारा, लाटा, प्रवाह यांनी ती उत्तरेला आणि दक्षिणेला हळूहळू वाटून द्यायची, ही मूळ कल्पना. दहा वर्षांनी मोजमाप झालं तेव्हा ती वीस वर्षांहून जास्त पुरेल असा अंदाज निघाला. ते टोक आता बरंच चपटं झालंय आणि शेजारचे किनारे भरलेत.

सगळं अंदाजाप्रमाणे झालं असं मात्र नाही. मागच्या वाळूच्या टेकड्या अपेक्षेपेक्षा हळू वाढल्या. तिथे चालायला गेलात की पायाखाली सतत शिंपले कुरकुरतात. बारीक वाळू वाऱ्याने उडून गेली, शिंपले मागे राहिले, आणि त्यांच्या थराने खालची वाळू झाकून टाकली. आत राहिलेल्या तळ्यात आणि खाजणात उडणारी वाळू अडकते ते वेगळंच. उपसलेल्या वाळूबरोबर समुद्रतळाचा जुना माल वर आला, त्यामुळे लोकांना मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, दाढासुद्धा सापडतात. हिमयुगात इथे समुद्र नव्हता, जमीन होती.

झांडमोटर हा मोठा प्रयोग, पण रोजचं काम वेगळंच आहे. १९९० साली या देशाने ठरवलं की किनारा त्या वर्षीच्या रेषेच्या मागे जाऊ द्यायचा नाही. १९६५ पासून इथे दरवर्षी ठरावीक अंतरावर किनाऱ्याचा काटछेद, म्हणजे आडवा कापल्यावर दिसेल तसा चढउतार, मोजला जातो. जिथे रेषा मागे सरकते तिथे वाळू टाकली जाते. २००१ पासून वर्षाला सरासरी १ कोटी २० लाख घनमीटरच्या आसपास. ही वाळू किनाऱ्यापासून दूर, २० मीटरपेक्षा जास्त खोलीवरूनच उपसायची असा नियम आहे, कारण त्याच्या अलीकडची वाळू किनाऱ्याचीच असते. ती उचलणं म्हणजे किनाऱ्याचंच काढून किनाऱ्याला देणं.

आपल्याकडे हे शक्य आहे का? कोकण, गोवा, पूर्व किनारा, सगळीकडच्या लोकांनी लिहा.

---

शंकासूर

लेख आवडला, पण मला हे पटत नाही. दर चार-पाच वर्षांनी परत वाळू टाकायची म्हणजे लोकांचा पैसा समुद्रात ओतायचा. बंधारा एकदा बांधला की निदान दिसतो तरी. डच लोकांच्या अर्ध्या देशाच्या जिवावर समुद्र उठलेला आहे, त्यांना परवडतं. आपल्याकडे शाळेच्या छपराला पैसे नाहीत.

आणि माझी खरी भीती वेगळी आहे. आपल्याकडे 'वाळू' हा शब्द टेंडरमध्ये आला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. किती ब्रास टाकली, कोण मोजणार? समुद्रात टाकलेली वाळू पुन्हा मोजताही येत नाही.

---

उत्तरेचा_वारा

@शंकासूर, मोजता येते. म्हणूनच मी दरवर्षीच्या मोजणीबद्दल लिहिलं. काम सुरू होण्याआधीचा काटछेद, संपल्यावरचा काटछेद आणि एका पावसाळ्यानंतरचा काटछेद. हे तीन कागद नसतील तर वाळू टाकूच नये, याबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे.

खर्चाचं सांगतो. झांडमोटरचा हिशेब ब्रासला सव्वानऊ युरोच्या आसपास पडतो. इतका कमी, कारण माल प्रचंड होता आणि तळाची वाळू उपसणारी मोठी ड्रेजर जहाजं जवळच होती. छोट्या कामाला दर चढतो. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या बॅक्टनला २०१९ मध्ये १८ लाख घनमीटर वाळू टाकली, झांडमोटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तिथे कड्याच्या टोकावर गॅस टर्मिनल आहे. खर्चाचा मोठा वाटा टर्मिनल चालवणाऱ्या कंपन्यांनी उचलला आणि शेजारची बॅक्टन, वॉलकॉट ही गावंही त्या वाळूच्या आड आली. ज्याची मालमत्ता वाचते त्याने पैसे द्यायचे, हा भाग मला आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो.

---

मिऱ्याची_लेक

माझं माहेर मिऱ्या, रत्नागिरी. इथे बंधाऱ्याला नावं ठेवलेली वाचली की मला त्रास होतो, म्हणून लिहितेय.

पांढरा समुद्र नावाच्या किनाऱ्यापासून मिऱ्यापर्यंत आमचा सगळा किनारा दगडाच्या आधाराने उभा आहे. जून-जुलैच्या उधाणाला रात्री लाट बंधाऱ्यावर आपटते तेव्हा घरातली भांडी वाजतात. पाणी बंधाऱ्यावरून उडून माडांत येतं, विहिरी खाऱ्या होतात. दरवर्षी कुठे ना कुठे दगड खचून भगदाड पडतं आणि दरवर्षी तिथे नवे दगड पडतात. २०२० साली निसर्ग वादळात 'बसरा स्टार' जहाज येऊन आमच्या बंधाऱ्यावर आदळलं, ते सगळ्यांनी फोटोत पाहिलंय. तो दगड नसता तर ते जहाज कुठपर्यंत आलं असतं याचा विचार करा.

माझे आजोबा सांगायचे की घरासमोर एवढी पुळण होती की होड्या दोन रांगांत लागायच्या. मला ती पुळण हवी आहे. पण 'दगड नको, वाळू टाका' असं कोणी म्हटलं तर माझे काका त्याला दारात उभं करणार नाहीत. पहिल्या पावसाळ्यात ती वाळू गेली तर आम्ही कुठे जायचं?

---

काटछेद

@मिऱ्याची_लेक, ताई, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. जिथे घरं दगडाच्या पाठीला लागून आहेत तिथे दगड काढायचं कोणीही जबाबदार माणूस सुचवणार नाही. मी किनारी बांधकामाच्या सर्वेक्षणात नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडं तांत्रिक लिहितो.

उतरत्या पुळणीवर लाट येते तेव्हा ती फुटत, घासत, दमत वर चढते. तिची ताकद वाळू हलवण्यात खर्च होते. उभ्या किंवा तीव्र उताराच्या भिंतीवर तीच लाट आपटून परत फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उकरून नेते. पायथा खोल झाला की पुढची लाट न फुटता, म्हणजे जास्त उंचीने, भिंतीपर्यंत पोचते. दगड खचतो तो वरून नाही, खालून. वरून कितीही दगड टाका, पायाखालची वाळू जातच राहते. शिवाय भिंतीच्या टोकाला, जिथे दगड संपतो, तिथे धूप वाढते. मग शेजारची वाडी बंधारा मागते.

म्हणून मिऱ्यासारख्या ठिकाणी प्रश्न 'दगड की वाळू' असा नाही. दगडाच्या पुढे वाळू घातली तर दगडाचंही आयुष्य वाढतं.

दुसरा मुद्दा कोकणच्या बाजूचा आहे. आपले बहुतेक किनारे दोन डोंगरी टोकांच्या मधे बसलेले आहेत. पावसाळ्यात लाटा पुळण ओरबाडून नेतात, पण ती वाळू बरीचशी समोरच उथळ पाण्यात दांड्यासारखी साठते आणि दिवाळीनंतर शांत लाटांबरोबर हळूहळू परत येते. पुळण पावसात खाली जाते आणि थंडीत भरते हे कोकणात लहान पोरालाही माहीत असतं. अशा बंदिस्त उपसागरात टाकलेली वाळू लांब पळून जात नाही. सरळसोट, उघड्या किनाऱ्यापेक्षा ती जास्त टिकण्याची शक्यता असते. पण वाळू परत यायला जागा हवी. हिवाळ्यात परत आलेली वाळू दगडासमोर ठरत नाही.

तिसरं, कुठलीही वाळू चालत नाही. मूळ पुळणीच्या कणाएवढा किंवा थोडा जाडच कण लागतो. जिथे रवा होता तिथे मैदा आणून टाकलात तर पहिल्या उधाणात पाणी गढूळ होईल आणि माल जाईल. बंदरातून काढलेला गाळ 'भराव' म्हणून किनाऱ्यावर टाकण्याच्या सूचना येतात, त्यात बहुतेक वेळा चिखल असतो. तो पुळणीवर टाकू नये.

---

उत्तरेचा_वारा

काटछेद यांनी लिहिलंय त्याचं मोठं उदाहरण इथे आहे. उत्तर हॉलंडमध्ये पेटेन गावाजवळ हॉन्ड्सबॉसे नावाची जुनी समुद्रभिंत होती, डांबर आणि दगडाची, देशातल्या कमकुवत जागांपैकी एक. ती आणखी उंच न करता २०१५ पर्यंत तिच्या समुद्राकडच्या बाजूला साडेतीन कोटी घनमीटर वाळू घालून पुळण आणि टेकड्या तयार केल्या. भिंत मागे तशीच आहे. आता लाट तिच्यापर्यंत पोचतच नाही. हे १९५३ च्या पुरात १८३६ माणसं गमावलेल्या देशाने केलंय. जिवाशी खेळ करणारे हे लोक नाहीत, एवढंच ताईंच्या काकांना सांगायचं आहे.

---

पाँडीतला_पाटील

नोकरीमुळे पुदुच्चेरीत आहे. इथली गोष्ट सगळ्या भारताने वाचावी अशी आहे.

पूर्व किनाऱ्यावर वर्षाचा हिशेब केला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. १९८० च्या दशकाच्या शेवटी इथे बंदर झालं, समुद्रात दोन ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या भिंती, गेले. वाळू दक्षिण बाजूला अडकली आणि उत्तरेकडे, म्हणजे थेट शहरासमोर, उपाशी समुद्र राहिला. गांधी पुतळ्यासमोरची पुळण गेली. पुढची कितीतरी वर्षं प्रोमनाड, समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, म्हणजे नुसता काळ्या दगडांचा ढीग होता. लोक समुद्र बघायला यायचे आणि दगडांवर बसायचे. धूप तिथेच थांबली नाही. दगड जसजसा उत्तरेला वाढत गेला तसतशी ती एकेका मच्छीमार वस्तीच्या दारात गेली.

मग चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने, एनआयओटीने, २०१८ च्या सुमारास पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी रीफ बसवला, म्हणजे लाट किनाऱ्यावर येण्याआधी तिथे फुटून कमजोर होते. सोबत बंदराच्या तोंडातून काढलेली वाळू किनाऱ्यावर टाकली. पुळण परत आली! तिशीच्या आतल्या पोरांनी आपल्या गावची पुळण त्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन वाळूत बसलेले असतात.

पण नुसत्या रीफने काम झालं असं समजू नका. बंदराच्या दक्षिणेला अडकणारी वाळू उत्तरेला पोचवत राहणं हे मूळ औषध आहे. ते थांबलं की दुखणं परत येतं. आणि शहरासमोर पुळण आली म्हणून उत्तरेकडच्या कोळीवाड्यांचं दुखणं संपलेलं नाही. त्यांच्याकडे कॅमेरे जात नाहीत.

चेन्नईची मरीना एवढी रुंद का, याचं उत्तरही हेच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंदर बांधलं, दक्षिणेला वाळू साठून मरीना वाढली आणि उत्तरेला रोयापुरम् खचत गेलं.

---

कूलंगट्टाकर

ऑस्ट्रेलियातून लिहितोय. पाटील म्हणतात ते 'पोचवत राहणं' इथे कायमस्वरूपी यंत्राने होतं.

१९६० च्या दशकात ट्वीड नदीच्या मुखावरच्या भिंती लांबवल्या. उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि गोल्ड कोस्टच्या दक्षिण टोकाचा किर्रा बीच खंगत गेला. नदीच्या एका बाजूला न्यू साउथ वेल्स, दुसऱ्या बाजूला क्वीन्सलँड. म्हणजे वाळू एका राज्यात अडकलेली आणि नुकसान दुसऱ्या राज्याचं. शेवटी दोन्ही सरकारांनी करार केला आणि २००१ पासून नदीच्या दक्षिणेला एका लांब जेटीखाली पंप बसवले. ते वाळू-पाणी शोषून नदीच्या तळाखालून पाइपने पलीकडे सोडतात, वर्षाला सरासरी पाच लाख घनमीटर.

सुरुवातीच्या वर्षांत साठलेली सगळी वाळू एकदम गेल्यामुळे किर्राला ती जास्तच झाली. पाण्यापर्यंत चालून पाय दुखायचे आणि जगभर नावाजलेली किर्राची लाट बिघडली म्हणून सर्फर चिडले. त्याच वाळूने स्नॅपर रॉक्सपासून पुढे 'सुपरबँक' नावाची लांबलचक लाट तयार झाली, तीही जगप्रसिद्ध. म्हणजे किती, कुठे, केव्हा, हे सतत बघत बसावं लागतं. इथे ते काम पगारी माणसं वर्षभर करतात.

---

देवबागकर

सगळं वाचलं. आता आमचं ऐका.

देवबाग म्हणजे मालवणजवळची वाळूची एक पट्टी. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. मध्ये आम्ही, आमचे माड आणि आता होमस्टे. दोन्हीकडून पाणी खातं.

शहरातल्यांना पुळण म्हणजे फिरायची जागा वाटते. आमच्यासाठी ती कामाची जागा आहे. रापण माहीत आहे ना? होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा फेरा मारून येते आणि जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा ओढतात. पाय रोवायला वाळू लागते. जाळं घसटत वर यायला सपाट पुळण लागते. दगडावर जाळं फाटतं, माणूस घसरतो, होडी वर ओढता येत नाही. जिथे दगड पडला तिथली रापण बंद झाली, असं सरळ समजा. बंधाऱ्याने घर वाचतं आणि घरातल्या माणसाचा धंदा जातो. ही गोष्ट कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेली मी पाहिली नाही.

आता वाळू टाकायची म्हणताय, तर आधी काढायची थांबवा. खाडीतून रात्री बोटी भरून वाळू जाते. ती वाळू पावसाळ्यात नदीबरोबर मुखाकडे येऊन किनाऱ्याला मिळायची. इकडून उपसा आणि तिकडून सरकारी पैशाने भरा, हे चालणार नाही. २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमला वाळूउपशाविरुद्ध उभ्या राहिलेल्या सुमेरा अब्दुलअली यांच्यावर हल्ला झाला होता. तेव्हापासून निकाल आले, बंदी आली. आमच्याकडे ज्यांनी तक्रार केली त्यांना अजून पोरांच्या डोक्यावर हात ठेवून विचार करावा लागतो.

---

शंकासूर

@देवबागकर, रापणीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बंधाऱ्याच्या खर्चात बुडालेली मजुरी धरायला हवी. मग माझं 'वाळू महाग' हे गणित बदलतं.

तरी मोजणीचं मी सोडत नाही. ते तीन काटछेद ग्रामपंचायतीत लावले पाहिजेत, लोकांना वाचता येतील असे.

---

कांदोळीची_शुभा

गोव्याचं एक छोटं उदाहरण. २००० सालच्या जूनमध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे जहाज कांदोळी-शिकेरीच्या किनाऱ्याजवळ रुतलं आणि २०१२ पर्यंत तिथेच होतं. एका जहाजाच्या आडोशाने लाटा बदलल्या, त्याच्या मागे वाळू साठली आणि बाजूचा किनारा खाल्ला गेला. शॅकवाले, रापणकार, सगळ्यांनी भोगलं. समुद्रात काहीही उभं करताना, रीफसुद्धा, शेजाऱ्याला विचारा एवढंच सांगायचं आहे.

---

वेळासची_वाट

माझी काळजी कासवांची. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या भाऊ काटदरेंनी गावाला बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली, मग आंजर्ले आणि इतर गावं त्यात आली. मादी ज्या वाळूत खड्डा करते ती तिला उकरता आली पाहिजे. यंत्राने टाकलेली वाळू दाबून घट्ट बसते. शिवाय पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. काळपट वाळू जास्त तापते. बाहेरून कुठल्याही रंगाचा माल आणून टाकलात तर पुढच्या पिढ्यांचं काय?

---

काटछेद

फ्लोरिडात यावर बरंच काम झालंय. घरट्यांच्या हंगामाआधी घट्ट बसलेली वाळू दोन-तीन फूट खोल नांगरून मोकळी करतात. वाळू सरकून उभी कड तयार झाली तर ती सपाट करतात, नाहीतर मादी कडेखालून परत फिरते. रंग आणि कण मूळ वाळूशी जुळला पाहिजे ही अटच असते.

पण आपल्याकडे वेळेचा पेच मोठा आहे. जून ते सप्टेंबर ड्रेजर उभाच राहू शकत नाही. कासवं साधारण नोव्हेंबरपासून येतात आणि शेवटची पिल्लं मे महिन्यापर्यंत जातात. कासवांच्या किनाऱ्यावर काम करायला उरतो तो जेमतेम ऑक्टोबर.

---

देवबागकर

ऑक्टोबर म्हणजे आमची रापण जोरात असते. तेव्हा किनाऱ्यावर पाइप आणि यंत्रं घातलीत तर सगळे रापणकर अडवतील, मीसुद्धा त्यात असेन.

---

उत्तरेचा_वारा

यावर एक मार्ग इथे वापरात आहे. वाळू पुळणीवर न टाकता समोरच्या उथळ पाण्यात, पाच ते दहा मीटर खोलीच्या पट्ट्यात, जहाजाच्या पोटातून थेट सोडतात. लाटा ती हळूहळू वर आणतात. काटछेद यांनी सांगितलेली दिवाळीनंतरची वाळू येते त्याच वाटेने. किनाऱ्यावर यंत्र नाही, पाइप नाही, घरट्यांना धक्का नाही, आणि प्रतिघनमीटर खर्चही कमी. तोटा एवढाच की फळ दिसायला वेळ लागतो आणि सगळी वाळू वर येत नाही.

रापणीचं जाळं मात्र त्याच पाण्यात फिरतं. @देवबागकर, जाळं किती वावांपर्यंत, म्हणजे किती खोल, जातं आणि कुठले महिने ते पाणी मोकळं असतं, हे आधी तुमच्याकडून लिहून घ्यावं लागेल.

---

देवबागकर

लिहून देतो. रापण संघातल्या जुन्या माणसांना विचारून, महिनावार. मिऱ्याच्या ताईंनीही त्यांच्याकडच्या होडीवाल्यांना विचारावं, तिथलं पाणी वेगळं आहे.